फाट्यावर उतरल्यानंतर

एसटीत मी 31 वर्षं वाहक होतो. पहिली 12 वर्षं खेड आगारात गावफेऱ्या आणि वस्तीच्या गाड्या केल्या, मग मुंबईला बदली घेतली आणि निवृत्तीपर्यंत कोकणातल्या रातराण्यांवर राहिलो. आता कुर्ल्याला नेहरूनगरात राहतो. गणपती जवळ आले की बिल्डिंगमधली, ओळखीपाळखीची माणसं येतात. "मास्तर, तिकिटाचं काही होईल का?" तिकिटाचं काहीतरी होतं. मी त्यांना उलट विचारतो, "फाट्यावर किती वाजता उतरणार? तिथून वाडीपर्यंत कसे जाणार?" याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. दोनशे-अडीचशे किलोमीटरची आखणी दोन महिने आधीपासून करतात आणि शेवटचे सात-आठ किलोमीटर "बघू, मिळेल काहीतरी" म्हणून सोडून देतात.

हे मी पोटतिडकीने का सांगतो, त्याला कारण आहे. 2012 साली हरतालिकेच्या आदल्या रात्री माझ्या गाडीतून एक कुटुंब फाट्यावर उतरलं. नवरा, बायको, सात-आठ वर्षांची मुलगी आणि चार पिशव्या. पहाटेचे साडेतीन. मी पिशव्या खाली दिल्या, दार लावलं, डबल बेल मारली. दोन दिवसांनी परतीच्या फेरीत त्याच फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा टपरीवाल्याने सांगितलं. फाट्यापासून दोनशे पावलांवर समोरून दिवा बंद असलेली मोटरसायकल आली आणि मुलीला उडवून गेली. ती मुलगी आता मोठी झाली आहे, कामाला जाते, पण उजवा पाय अजून किंचित ओढते. कागदोपत्री माझं काम दार लावल्यावर संपलं होतं. तरी त्या रात्री मी त्यांना एवढं जरी म्हटलं असतं की उजेड होईपर्यंत टपरीच्या बाकावर बसा, हे माझ्या मनातून जात नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. गणपतीला जाणारा माणूस नेमका अमावस्येच्या आगेमागे प्रवास करतो. चतुर्थीच्या आधीच्या रात्री चंद्र कोरीएवढा असतो आणि तोही रात्र पडता पडता मावळतो. पहाटे तीनला आकाशात काही नसतं, वर पावसाचं आभाळ. शिमग्याला जाता तेव्हा पौर्णिमा असते, तेव्हा तोच रस्ता स्वच्छ दिसतो. त्यामुळे शिमग्याच्या अनुभवावर गणपतीचा रस्ता चालायला जाऊ नका.

आखणी फाट्यापासून उलटी करा

आधी गावात फोन लावा, तिकिटाचं नंतर. तीन गोष्टी विचारा. फाट्यावरून आत जाणारी पहिली एसटी किती वाजता आहे? ती सध्या नियमित येते का? आणि ती न आल्यास भरवशाचा रिक्षावाला कोण?

वेळापत्रकावरची वेळ पुरेशी नाही, हे मी आतून पाहिलेलं आहे. गावफेऱ्यांत पुष्कळशा फेऱ्या शाळेच्या असतात. शाळेला सुट्टी लागली की ती फेरी बंद, आणि गणपतीत शाळेला सुट्टी असतेच. त्यातच मुंबईहून जादा गाड्या सोडायच्या म्हणून गाड्या आणि माणसं तिकडे वळवली जातात, मग आतल्या फेऱ्या कमी होतात. म्हणजे गावात सगळ्यात जास्त माणसं येतात त्या आठवड्यात गावफेरीचा भरवसा सगळ्यात कमी. डेपोत चौकशी खिडकीला फोन लागला तर उत्तम, पण खरी माहिती फाट्यावरच्या टपरीवाल्याला किंवा रोज कॉलेजला जाणाऱ्या पोराला असते. काल गाडी आली होती का, परवा आली होती का, हे त्यांना विचारा. आठवडी बाजाराचा दिवसही विचारून ठेवा. त्या दिवशी सकाळी गाडी आणि रिक्षा दोन्ही मिळतात, पण भरलेल्या असतात.

हे कळल्यावर मुंबईची गाडी निवडा. माझा नियम एकच आहे, फाट्यावर उजेडात उतरायचं. भाद्रपदात सहा-सव्वासहाच्या सुमाराला दिसायला लागतं. खेडकडे जाणारे लोक रात्री आठ-नऊची गाडी धरतात, कारण ऑफिस सुटलं की थेट निघता येतं, आणि मग तीन-साडेतीनला काळोखात उतरतात. त्यापेक्षा अकरा-साडेअकराची धरा. ती मिळाली नाही तर लवकरच्या गाडीने जा, पण फाट्यावर उतरू नका. मोठ्या स्थानकापर्यंत तिकीट काढा, तिथे दिव्याखाली बाकावर बसा, उजाडल्यावर गावफेरीने मागे या. चाळीस-पन्नास रुपये जादा जातील. सोबत लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर ते पैसे वाचवण्याचा विचारही करू नका.

कोकण रेल्वेने जाणाऱ्यांनी स्टेशनच्या नावातला "रोड" नीट वाचावा. संगमेश्वर रोड, राजापूर रोड, सावंतवाडी रोड. ते गाव नव्हे, गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं स्टेशन आहे. राजापूर रोडला उतरून राजापूर समोर दिसेल असं समजून आलेली माणसं मी पाहिली आहेत. तिथून पुढची गाडी आधी ठरवावीच लागते.

गाडीत

पाटीवरचं शेवटचं नाव सगळे वाचतात, "मार्गे" कोणी वाचत नाही. दापोलीची एक गाडी खेडवरून जाते, दुसरी माणगावपुढे हायवे सोडून आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड करत जाते. तुमचा फाटा हायवेवरच्या खेडजवळच्या भरणे नाक्याच्या अलीकडे असेल आणि तुम्ही मंडणगडच्या गाडीत बसलात तर बोलणंच खुंटलं. चढताना वाहकाला फाट्याचं नाव सांगून विचारा, "तिथे थांबेल का, आणि पुलावरून जाणार की खालून?" चौपदरीकरणात पुष्कळ फाट्यांवर उड्डाणपूल झाले. गाडी वरून गेली तर तुमचा फाटा खाली राहतो आणि तुम्ही दोन किलोमीटर पुढे हायवेच्या कडेला उतरता.

तिकिटाबद्दल एक बारीक गोष्ट. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने असतं. तुमचा फाटा दोन टप्प्यांच्या मध्ये आला तर तिकिटावर पुढच्या टप्प्याचं नाव छापून येतं. लांबच्या गाडीला वाटेत वाहक बदलला की नवीन माणूस तिकीट बघून समजतो की तुम्हाला पुढे उतरायचंय. म्हणून नवीन वाहक आला की त्याला पुन्हा सांगा. तो चिडणार नाही. झोपलेल्या प्रवाशाला पुढे नेऊन उतरवणं त्यालाही नकोच असतं.

सवलतीसाठी ओळखपत्र वरच्या खिशात ठेवा. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, 65 वर्षांवरच्यांना अर्धं आणि 75 पूर्ण झालेल्यांना राज्यात मोफत. कशेडी घाटात गाडी वळणं घेत असताना बॅगेच्या तळातून आधार कार्ड शोधणारे आजोबा दर फेरीला एक तरी भेटायचे. ते तोल जाऊन पडतील या धास्तीने मीच त्यांना हात देऊन उभा राहायचो.

बसायला मधल्या सीट बऱ्या. मागच्या बाकावर खड्ड्यात माणूस अक्षरशः उडतो. पाठीचं दुखणं असेल, बाई गरोदर असेल, तर मागे बसूच नये. खिडकीवर कोपर ठेवायची सवय मोडा. अरुंद रस्त्यावर समोरच्या गाडीला वाट देताना दोन पत्र्यांमध्ये वीतभरसुद्धा अंतर राहत नाही.

उतरताना

आता सगळ्यात महत्त्वाचं. उतरल्यावर गाडीच्या पुढून किंवा मागून रस्ता ओलांडायचा नाही. गाडी निघून जाऊ द्या. थांबलेली एसटी म्हणजे तुमच्या आणि रस्त्याच्या मध्ये उभी राहिलेली भिंत असते. मागून एसटीला ओव्हरटेक करणाऱ्याला तुम्ही दिसत नाही आणि तुम्हाला तो दिसत नाही. गाडी गेली की रस्ता दोन्हीकडे मोकळा दिसतो. मुंबईत बेस्टमधून उतरून लगबगीने पलीकडे जायची सवय असते, ती इथे घात करते. पिशव्या मोजायच्या त्या रस्त्यापासून लांब, मातीवर उभं राहून मोजा. मुलाचा हात आधी धरा, पिशव्या नंतर.

चालावं लागलं तर

फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने चालायचं. मुंबईकराला हे उलटं वाटतं. पण आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणजे उजव्या कडेने चाललात तर तुमच्या बाजूची गाडी समोरून येते, दिसते, आणि बाजूला व्हायला वेळ मिळतो. डावीकडून चालणाऱ्याच्या पाठीवर गाडी येते. आंधळ्या उजव्या वळणावर मात्र कडेला जागा नसेल आणि दरड चिकटून असेल, तर वळणापुरतं पलीकडे जा आणि पुन्हा परत या. एकामागे एक चाला, मूल रस्त्याच्या बाजूला नको, कडेच्या बाजूला.

त्या 2012 च्या कुटुंबाने काही चुकीचं केलं नव्हतं. ते उजव्या कडेनेच चालले होते. त्यांच्याकडे उजेड नव्हता, एवढंच. दिवा नसलेल्या गाडीवाल्याला ती दिसली नाहीत आणि त्यांनाही तो दिसला नाही. 1 एप्रिल 2017 पासूनच्या नवीन दुचाक्यांना इंजिन चालू झालं की दिवा आपोआप लागतो. पण गावात जुन्या गाड्या अजून धावतात, आणि दिवा फुटला की तो बदलायला शहरात जावं लागतं म्हणून महिनोन्महिने तसाच राहतो.

म्हणून बॅटरी हवीच. मोबाईलची नको, ती चार्जिंग खाते आणि पावसात हातातून निसटते. हातात धरायची साधी बॅटरी घ्या. उजेड पायापुढे चार-पाच पावलांवर जमिनीवर पाडा. समोरच्या गाडीवाल्याच्या तोंडावर मारू नका, त्याचे डोळे दिपले तर तो नेमका तुमच्याच अंगावर येतो. घोळक्यात शेवटचा जो असेल त्याच्याकडे दुसरी बॅटरी, मागे धरलेली. अंगावर पांढरं किंवा फिकं काहीतरी घ्या. काळा रेनकोट आणि काळी छत्री हे काळोखात सगळ्यात वाईट. माझी मंडळी जुना पांढरा टॉवेल रेनकोटवरून आडवा बांधते आणि नातवंडांनाही बांधते.

हिशेब करून बघा. ताशी 60 च्या वेगातली मोटरसायकल एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. तिच्या दिव्यात तुम्ही 30-35 मीटरवर दिसलात तर त्या पोराच्या हातात दोन सेकंद आहेत. दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतच त्यातला एक सेकंद जातो. बॅटरीचा उजेड त्याला शे-दोनशे मीटरवरून दिसतो.

रिक्षा, मॅजिक, मिनिडोअर

आतल्या रस्त्यावर एसटी नसेल तर वडापच. रायगडात मिनिडोअर, पुढे मॅजिक, टमटम, तीनचाकी रिक्षा. या लोकांना मी कधी नावं ठेवणार नाही. एसटी न आल्याने गावातली बाळंतीण ज्याने दवाखान्यात पोचवली तो बहुधा रिक्षावालाच असतो. पण भरून निघण्याचा त्याचा हिशेब समजून घ्या. आत जाताना भाडं मिळतं, बाहेर येताना गाडी रिकामी येते, म्हणून तो एक-एक जास्तीचा माणूस कोंबतो. तुम्ही चार जण असाल तर सरळ स्पेशल करा. किंवा म्हणा, "दादा, अजून दोन सीटचे पैसे आम्ही देतो, पण कोणाला घेऊ नका." मी कितीतरी वेळा असं केलंय. रिक्षावाला खूश होतो, मोकळं बसायला मिळतं आणि भाडं आधी ठरल्यामुळे उतरताना वाद नाही.

काही गाड्यांत मात्र बसायचंच नाही. ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना माणूस बसलाय, म्हणजे त्याचा हात हँडलवर नीट फिरत नाही, ती गाडी सोडा. मागच्या फळीवर किंवा शिडीवर माणसं लटकलीत, टपावर मुलं बसलीत, ती सोडा. ड्रायव्हर जवळ आला की वास येतो, ती तर सोडाच, ओळखीचा असला तरी. आणि नंबर प्लेट बघा. पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे भाड्याची गाडी, पांढरी पाटी म्हणजे खासगी. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं देऊन बसलात आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईला हरकत घेऊ शकते. मग कोर्टाच्या पायऱ्या तुम्ही झिजवायच्या.

ठरलेल्या रिक्षावाल्याला आदल्या संध्याकाळी एक फोन करा आणि महाड सोडल्यावर दुसरा. महाडपुढे घाटात रेंज मिळेलच असं नाही.

पुतण्याची मोटरसायकल

फाट्यावर घ्यायला पुतण्या किंवा भाचा गाडी घेऊन येतो. प्रेमाने येतो, म्हणून नाही म्हणवत नाही. तरी दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. तो 18 पूर्ण आणि लायसनवाला हवा. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला किंवा मालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि ट्रिपल सीट नको, फेऱ्या दोन माराव्या लागल्या तरी चालतील. स्वतःचं हेल्मेट मुंबईहून न्या. पिशवीत जागा अडवतं हे खरं, पण गावात मागच्या माणसासाठी हेल्मेट कोणाकडेच नसतं.

त्याला रस्त्याचंही सांगा, जरी तो रोजचा असला तरी. लावणीनंतर शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरचा चिखल वळणावर पडलेला असतो, त्यावर पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी होते. पावसाळी रात्री गुरं डांबरावर येऊन बसतात, कारण तीच एक कोरडी जागा असते, आणि काळी म्हैस अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. घाटातून उतरताना जो गिअर चढायला लागतो तोच उतरायला ठेवायचा, पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करायची नाही. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची.

साकवावरून किंवा मोरीवरून पाणी वाहत असेल तर थांबा. घर पलीकडे दिसत असलं तरी थांबा. वाहतं पाणी दीड-दोन फूट असलं तरी गाडी उचलतं, आणि खालचा रस्ता शाबूत आहे की नाही हे वरून कळत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात गेला. दोन एसटी गाड्या त्यात गेल्या. चालक-वाहक आमचेच होते, रोज त्याच पुलावरून जाणारे. त्यांना तर पूल गेलाय हे कळायलाही वाव नव्हता. तुम्हाला पाणी समोर दिसतं.

काही झालंच तर

108 ला फोन लावा, रुग्णवाहिका फुकट आहे. पोलीस हवे असतील तर 112, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033. सगळ्यात वेळ जातो तो "कुठे आहात?" यात. "आंब्याच्या झाडाजवळ" सांगून भागत नाही. कडेला किलोमीटरचा दगड शोधा. राष्ट्रीय महामार्गाचा असेल तर डोकं पिवळं, राज्य मार्गाचा असेल तर हिरवं. त्यावरचा आकडा आणि गावाचं नाव वाचून दाखवा. जखमीला पाणी पाजू नका, मानेला हिसका देऊन उचलू नका, रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. एक जण वळणाच्या अलीकडे बॅटरी घेऊन उभा राहू दे, नाहीतर मागून येणारी गाडी जमलेल्या माणसांत घुसते.

मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतात ही भीती मनातून काढा. 2019 च्या त्याच दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. नाव सांगायची, साक्षीदार व्हायची सक्ती नाही.

परत येताना

परतीला बहुतेकांना वस्तीची गाडी पकडावी लागते. रात्री गावात मुक्कामाला आलेली गाडी पहाटे पाच-साडेपाचला निघते. दहा मिनिटं आधी थांब्यावर या, कारण मधल्या थांब्यांवर कोणी नसेल तर गाडी लवकर पोचते. चालकाला काळोखात थांब्यावरचा माणूस दिसत नाही, फक्त झाडं दिसतात. म्हणून उजेड दिसला की बॅटरी जमिनीकडे धरून डावी-उजवीकडे हळू हलवा, थांबेपर्यंत हलवत राहा, आणि रस्त्यावर पुढे येऊ नका. मी दाराजवळच्या सीटवरून वाकून बघायचो. तो गोल उजेड हलताना दिसला की दोरी ओढायचो.